मुगाला तेलाचा हात

जुलैतला रविवार होता. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सातव्या मजल्यावर चार दिवस ऊन फिरकलं नव्हतं. उसळीचे मूग भिजत घालायचे म्हणून डबा उघडला, तर वरवर सगळं ठीक दिसत होतं. भोक पडलेला दाणा नाही, चालताफिरता किडा नाही. फक्त बऱ्याच दाण्यांवर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. ओल्या फडक्याने पुसले, जाईनात. एक ठिपका नखाने खरवडला तेव्हा तो खपलीसारखा सुटला आणि त्याच्याखाली सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसलं.

मुरबाडच्या आत्याला फोन लावला. तिच्याकडे दर साली वाल पिकतात आणि तिच्या घरातलं कडधान्य किडलेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

"आत्या, मुगाला आता तेल लावू का गं?"

"आता लावून काय करणार? तेल मे महिन्यात लावायचं असतं. आता ती आत गेली."

आता ती आत गेली. हे वाक्य नीट समजलं की कडधान्याला तेल का लावतात, कधी लावतात आणि कधी ते फुकट जातं, हे सगळंच समजतं. म्हणून आधी ‘ती’ कोण ते बघू.

‘ती’ म्हणजे कडधान्यातल्या भुंगेऱ्याची अळी. आपल्याकडे कुणी त्याला भुंगा म्हणतं, कुणी पोरकिडा, आणि बहुतेक जण "मुगात किडे झालेत" एवढं म्हणून मोकळे होतात. तांदळात होतो तो टोका वेगळा, त्याला पुढे सोंड असते. याला सोंड नसते. तीन-चार मिलिमीटर लांब, तपकिरी, डोक्याकडे निमुळता आणि मागे रुंद. पंखांवरची कडक झाकणं जरा आखूड, त्यामुळे शेपटाकडचा भाग उघडा राहतो, तोकडा शर्ट घातल्यासारखा. शास्त्रीय नाव कॅलोसोब्रुकस. आपल्या डब्यांत त्याच्या प्रामुख्याने दोन जाती सापडतात, चायनेन्सिस आणि मॅक्युलॅटस. मूग, मटकी, चवळी, तूर, हरभरा, वाल, दोघींना सगळंच चालतं.

गंमत अशी की डब्यात फिरताना दिसतो तो भुंगा मूग खात नाही. साठवणीत तो काहीच खाल्ल्याशिवाय आठवडा-दोन आठवडे जगतो, जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते आणि दोघं मरतात. खाण्याचं सगळं काम अळीचं, आणि तेही दाण्याच्या आत बसून. त्यामुळे आपण भुंगे वेचून टाकले, चाळणीने चाळले, पाखडले, तरी खरी खाणारी मंडळी मुगातच राहतात आणि डबा पुन्हा कपाटात जातो.

मादी साधारण ऐंशी-नव्वद अंडी घालते, कधी कमी, कधी जास्त. ती अंडी दाण्यांच्या मध्ये कुठेही टाकत नाही, एकेक अंडं दाण्याच्या सालीवर चिकटवते. शक्यतो ज्या दाण्यावर आधी अंडं नाही असा दाणा शोधते, कारण एका मुगात एका-दोघांचंच पोट भरतं. ताजं अंडं काचेसारखं पारदर्शक असतं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. चार ते सहा दिवसांत आत अळी तयार होते. ती अंडं फोडून बाहेर येऊन डब्यात हिंडत नाही. अंड्याचा तळ आणि त्याखालची मुगाची साल, दोन्ही पोखरून ती सरळ खाली दाण्यात उतरते. खोदताना निघणारा भुगा मागे अंड्याच्या टरफलात भरत जातो आणि टरफल पांढरं होतं.

म्हणजे माझ्या डब्यातले पांढरे ठिपके ही अंडी नव्हती. भुशाने भरलेली रिकामी टरफलं होती. प्रत्येक ठिपक्याखाली एक अळी आत गेलेली होती, आणि आत्याला फोनवर, मूग न बघता, ते कळलं होतं.

पुढचे दोन-तीन आठवडे अळी आतला गर खाते. कोषात जाण्याआधी ती सालीच्या अगदी जवळपर्यंत येते आणि फक्त साल शिल्लक ठेवते. दाणा उजेडात धरला तर तिथे करडी गोल खिडकी दिसते. कोषातून निघालेला भुंगा त्या खिडकीचं झाकण आतून कापून ढकलतो आणि बाहेर पडतो. मुगाला जे नेटकं गोल भोक दिसतं ते आत शिरण्याचं नसून बाहेर पडण्याचं असतं. शिरण्याचं भोक टरफलाखाली झाकलेलं.

अंड्यापासून नव्या भुंग्यापर्यंतचा हा फेरा तीस अंश तापमान आणि सत्तर टक्के आर्द्रता असली की तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो. ठाण्यातल्या स्वयंपाकघराचं हे वर्णन पावसाळ्यापुरतं तरी बरंच जुळतं, आर्द्रता उलट वरचढच. साधा हिशेब करून बघा. एका मादीची ऐंशी अंडी, त्यातली साठ जगली, त्यातल्या तीस माद्या. महिन्याभराने त्या तीस माद्यांपासून अठराशे. जूनमध्ये डब्यात एकच मादी असेल तर जुलैत आपल्याला काही जाणवत नाही, ऑगस्टमध्ये मात्र डबा उघडताच पीठ उडतं. "परवापर्यंत चांगले होते हो!" असं आपण म्हणतो ते खोटं नसतं.

आता ती पहिली मादी आली कुठून? बऱ्याचदा ती डब्याच्या बाहेरून येतच नाही. या किडीची सुरुवात शेतात होते. शेंगा झाडावर वाळत असतानाच त्यांच्यावर अंडी पडतात, मळणीनंतर दाण्याबरोबर अळ्या पोत्यात जातात, पोत्यांतून तुर्भ्याच्या दाणा बाजारात, तिथून जांभळी नाक्यावरच्या घाऊक दुकानात आणि मग आपल्या पिशवीत. प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या जुन्या पोत्यातले भुंगे भर घालतात. तेव्हा किराणावाल्याशी भांडण्यात फारसा अर्थ नाही. मी एकदा भांडले होते. तो म्हणाला, "ताई, भुंगा लागला म्हणजे माल बिनऔषधाचा आहे." हा युक्तिवाद मला तेव्हा पटला नव्हता, अजूनही पुरता पटत नाही, पण त्याच्यापुरता तो तयार होता.

तेल नेमकं करतं काय

तेलाने किडे मरतात असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर विष येतं. शेंगदाण्याच्या तेलात भुंग्याला मारणारं विष नाही. ते आपण रोज फोडणीला घालतो. त्याचं काम बहुतांशी यांत्रिक आहे, आणि त्यासाठी पुन्हा त्या अंड्याकडे यावं लागतं.

हे अंडं म्हणजे तळाशी सपाट आणि वर घुमटासारखी फुगीर टोपी. मादी ते चिकट द्रवाने सालीवर घट्ट बसवते. टरफल चिवट असतं, त्यातून हवा सहज जात नाही. पण आत जीव वाढतोय म्हणजे त्याला प्राणवायू लागणारच. ती सोय अंड्याच्या मागच्या टोकाशी, कडेला, एका बारीक नळीसारख्या वाटेने केलेली असते. दाण्यावर तेलाचा थर असला की तेल अंड्याच्या कडेने ओढलं जातं, वातीत तेल चढतं तसं, आणि नेमकं त्या वाटेत जाऊन बसतं. आतला जीव गुदमरतो. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ पीटर क्रेडलंड यांनी १९९२ साली या अंड्यांच्या रचनेचा अभ्यास करून तेलाच्या परिणामाचं कारण या रचनेत असावं असं मांडलं होतं. याशिवाय तेल टरफलातून आत झिरपून गर्भाला इजा करतं, असंही आढळलेलं आहे. कोणत्या तेलात गुदमरण्याचा वाटा किती आणि झिरपण्याचा किती, हे तेलागणिक बदलतं.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती सुताराला लगेच कळेल. अळीला कडक साल पोखरायची तर जोर लावायला मागे टेकू हवा. तो टेकू म्हणजे अंड्याचं टरफल. टरफल सालीला घट्ट चिकटलेलं असतं म्हणून अळी त्याला पाठ लावून खाली दाब देऊ शकते. तेलकट दाण्यावर अंडं नीट चिकटत नाही. अळी जोर लावायला गेली की टरफलच सरकतं. भिंतीत खिळा ठोकायचाय आणि पायाखालचं स्टूल हलतंय, तशी गत.

तिसरी गोष्ट मादीची. तेल लावलेल्या दाण्यावर ती मुळात कमी अंडी घालते. पृष्ठभाग तिला पटत नाही. आणि भुंग्यांच्या अंगाला तेल लागलं की त्यांची श्वास घ्यायची छिद्रं, जी पोटाच्या आणि छातीच्या बाजूंना असतात, ती बुजतात, आयुष्य आखडतं.

आता तेल काय करत नाही ते. आत उतरलेल्या अळीपर्यंत ते फारसं पोचत नाही. तिच्या डोक्यावर मुगाची साल आहे, भोवती मुगाचा गर आहे. तिचं जेवण चालू राहतं. म्हणून आत्याचं म्हणणं की तेल मेमध्ये, अंडी पडायच्या आधी, माल कोरडा असताना.

पण इथे आत्याला थोडं दुरुस्त करायला हवं. (समोर करणार नाही.) उशिरा लावलेलं तेल अगदीच वाया जात नाही. आतल्या अळ्यांचे भुंगे होतील, भोकं पाडतील, बाहेर येतील. मात्र त्यांच्या माद्या तेलकट दाण्यांवर अंडी घालतील आणि ती अंडी उबणार नाहीत. एक पिढी नुकसान करून जाईल, दुसरी उभी राहणार नाही. अठराशेपर्यंत जाणारा आकडा साठच्या पुढे जायचा नाही. एवढंच की त्या एका पिढीने भोकं पाडलेले मूग आपल्यालाच निवडत बसावे लागतात.

चमचाभरात होतं का

होतं. प्रमाण आहे किलोला पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. हा आकडा घरगुती अंदाजाचा नाही. नायजेरियात इबादान इथे उष्ण कटिबंधातल्या शेतीची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. पश्चिम आफ्रिकेत चवळी हे गरिबाचं मुख्य प्रथिन, आणि तिचा मुख्य शत्रू हाच आपला मॅक्युलॅटस. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७८ साली चवळीला किलोमागे पाच मिलिलिटर शेंगदाणा तेल चोळून बघितलं आणि जवळपास सहा महिने चवळी राखली गेली. त्याच वर्षी कोलंबियातल्या संशोधनात घेवड्याच्या बियांवर, तिथल्या वेगळ्या जातीच्या भुंगेऱ्यावर, सरकी, सोयाबीन, मका अशी तेलं तपासली गेली आणि तीही उपयोगी पडली. इतकी वेगवेगळी, अगदी साधी खाण्याची तेलं काम करतात, यावरूनच दिसतं की कमाल एखाद्या तेलाच्या वासात किंवा कडवटपणात नाही.

चमचाभर तेल किलोभर मुगाला पुरतं कसं, हे मला पटत नव्हतं, म्हणून कागदावर मांडलं. हजार मुगांचं वजन साधारण पस्तीस ते चाळीस ग्रॅम भरतं, म्हणजे किलोत सव्वीस-सत्तावीस हजार दाणे. चार मिलिमीटर व्यासाचा गोळा धरला तर एका दाण्याचं बाहेरचं क्षेत्रफळ पन्नास चौरस मिलिमीटर. सगळ्यांचं मिळून सव्वा चौरस मीटरच्या पुढे, म्हणजे चौघांच्या जेवणाच्या टेबलाएवढं. त्यावर पाच मिलिलिटर तेल सारखं पसरलं तर थराची जाडी येते चार मायक्रॉन. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉनचा. केसाच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शाएवढा थर!

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. एक, तेल सारखं लागलं तरच पुरतं. चमचा डब्यात ओतून डबा हलवला तर वरचे दोनशे दाणे न्हाऊन निघतील आणि खालच्यांना वासही लागणार नाही. दोन, दाणा मोठा तर पृष्ठभाग कमी. काबुली चण्याच्या किलोत अडीच-पावणेतीन हजारच दाणे, क्षेत्रफळ मुगाच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे त्याच चमच्यात त्याचं काम जास्त नीट होतं. देशी हरभरा मात्र सुरकुतलेला आणि चोचीचा. त्याच्या खळग्यांत तेल पोचवायला हात जास्त चालवावा लागतो.

चोळण्याची पद्धत आत्याची. मूग निवडून, उन्हात वाळवून, पूर्ण थंड होऊ द्यायचे. गरम गरम डब्यात भरले तर आत वाफ धरते आणि मग कीड राहिली बाजूला, बुरशीच येते. थंड झाले की परातीत घ्यायचे. तळहातावर तेल घेऊन ते आधी दोन मुठी मुगाला चांगलं चोळायचं, दाणे चकाकले पाहिजेत. मग हे तेलकट मूग बाकीच्यांत मिसळून सगळं मिळून पाच-सात मिनिटं चोळायचं, लाडू वळण्याआधी तूप जिरवतो तसं. शेवटी हाताला तेल लागू नये, फक्त हात मऊ वाटावा. हाताला तेल लागतंय म्हणजे जास्त झालं. जास्त तेलाने जास्त राखण होते असं नाही. उलट दाणे एकमेकांना चिकटतात, धूळ धरतात आणि महिन्या-दोन महिन्यांत खवट वास येतो.

कोणतं तेल, यावर घराघरात पंथ आहेत. तुरीला आणि तांदळाला एरंडेल लावायची चाल आपल्याकडे जुनी आहे आणि तिला चांगलं कारण आहे. एरंडेल फार घट्ट असतं, दाण्याला धरून राहतं आणि लवकर खवट होत नाही. एरंडीच्या बीत रिसिन नावाचं जहाल विष असतं हे ऐकून काही जण घाबरतात. रिसिन हे प्रथिन आहे, ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. एरंडेलाने पोट ढिलं होतं ते वेगळ्या कारणाने, आणि चमचाभर तेल किलोभर तुरीला लावून, धुऊन, शिजवून खाल्ल्यावर तितकं पोटात जात नाही. फक्त औषधी दुकानातलं किंवा घाण्याचं साधं एरंडेल घ्या. केसांसाठी सुगंध घातलेली बाटली तुरीवर उपडी केली तर वरणाला मोगऱ्याचा वास येईल.

मूग, मटकी, चवळी यांना मी शेंगदाण्याचं किंवा खाण्याचं खोबरेल लावते. तीळ, मोहरी चालतात. मोहरीचा वास आमच्या घरात कुणाला सोसत नाही, एवढीच अडचण. घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ते तेल टाळा, हे सांगायला नको. जवस, सूर्यफूल यांसारखी तेलं हवेत लवकर बिघडतात, तेव्हा लांबच्या साठवणीला ती शेवटची निवड. कडुनिंब आणि करंजाचं तेल जोरकस आहे. कडुनिंबात अझॅडिरॅक्टिन असतं, ते किड्यांची वाढ आणि खाणं दोन्ही बिघडवतं. पण चव आणि वास धुऊन जात नाही. ते पेरायच्या बियाण्यासाठी ठेवावं. बियाण्यालाही किलोला पाच मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये, जास्त तेलाने उगवण मंदावू शकते.

तेल म्हटलं की आजकाल निलगिरी, लवंग, गवती चहा अशा सुगंधी तेलांच्या छोट्या बाटल्याही समोर येतात. तो प्रकार निराळा. ती उडून जाणारी तेलं आहेत. त्यांची वाफ किड्याच्या श्वासात जाते आणि त्याच्या मज्जासंस्थेवर परिणाम करते. बंद डब्यात काही दिवस त्यांचा असर दिसतो, डबा चार वेळा उघडला की संपतो. आणि लवंगेच्या वासाची चवळी खायची तयारी हवी. डब्यात कडुनिंबाचा पाला, हिंगाचा खडा, सुकी मिरची, वेखंडाची कांडी ठेवतात ती सगळी याच वर्गातली. थोडं दूर ठेवतात, रोखत नाहीत. एकट्या पाल्यावर भिस्त ठेवून माझी मटकी दोनदा गेली आहे.

डाळींचं काय? सोललेल्या, दुभंगलेल्या डाळीत या भुंगेऱ्याचं तितकं जमत नाही, त्याला अंडं चिकटवायला अख्खा गुळगुळीत दाणा आवडतो. डाळीत जाळी धरते ती पतंगाच्या अळीची, आणि तिच्यावर तेलाचा असा हुकमी इलाज नाही. बाजारात गुजराती पद्धतीची ‘तेलाची तूरडाळ’ मिळते, ती याच कुळातली. शिवाय तूर भरडताना साल सुटावी म्हणूनही आधी दाण्याला तेल मुरवतात. तेलाचा आणि तुरीचा संबंध गिरणीपासूनचा आहे. पिठाला, बेसनाला अर्थातच तेल लावत नाहीत, थोडं थोडं आणणं हाच उपाय.

ज्या गोष्टी डब्यातून काढाव्यात

पाऱ्याच्या टिकड्या. अजून दुकानात मिळतात आणि अजून लोक धान्यात टाकतात. पारा हा मेंदू आणि मूत्रपिंडाला घातक धातू आहे, तो आपण जेवणाच्या डब्यात ठेवतो आणि वर "आमच्याकडे चाळीस वर्षं आहे" असं सांगतो. तांदळाला चोळायची बोरिक पावडर हा तसलाच प्रकार. ती धुऊन थोडी जाते, थोडी राहते, आणि लहान मुलांच्या पोटात थोडीही जाऊ नये. तिसरी गोष्ट सगळ्यात भयंकर. गोदामात धुरी द्यायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कुणी ओळखीने आणून देतं. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू निघतो. तो वायू किडे मारतो तसाच झोपलेली माणसंही मारतो, आणि बंद फ्लॅटमध्ये तर फारच लवकर. त्या गोळीला घराचा उंबरठा ओलांडू देऊ नका.

आत गेलेल्या अळ्यांसाठी याहून सोपे मार्ग आहेत. पहिला फ्रीझर. मूग घट्ट बंद पिशवीत घालून उणे अठरा अंशाच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवले की अंडी, अळ्या, कोष, भुंगे, सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. मूग खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचे, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतलं पाणी धरतं. नवीन आणलेलं कडधान्य मी हल्ली आधी फ्रीझरमध्ये आणि मग तेलाच्या हाताखाली घालते. आतल्यांचा बंदोबस्त थंडीने आणि बाहेरून येणाऱ्यांचा तेलाने.

दुसरा मार्ग ऊन, पण खरं ऊन. मॅक्युलॅटसच्या सगळ्या अवस्था मारायला दाण्याचं तापमान सत्तावन्न अंशांवर तासभर टिकावं लागतं. नुसत्या चादरीवर पसरलेले मूग तेवढे तापत नाहीत. खाली काळं प्लॅस्टिक, वर पारदर्शक प्लॅस्टिक, कडा दाबून बंद, मध्ये पातळ थर, असं केलं तर एप्रिल-मेच्या दुपारी ते साधतं. त्याला गच्ची हवी. आमच्या सोसायटीने गच्चीला कुलूप लावून चार वर्षं झाली, आणि ग्रिलमध्ये येणारं ऊन दोन तासांचं, तेही कपड्यांशी भांडून. ज्यांना पेरायचं किंवा मोड आणायचे आहेत त्यांनी या तापवण्याच्या भानगडीत जपून पडावं.

तिसरा मार्ग हवा तोडण्याचा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी आफ्रिकेतल्या चवळीसाठी तीन थरांच्या हवाबंद पिशव्या काढल्या. आतले किडेच प्राणवायू वापरून संपवतात. मग काय होतं हे फार चमत्कारिक आहे. ही कीड पाणी पीत नाही. अन्न जाळताना शरीरात जे पाणी तयार होतं त्यावरच ती जगते, आणि अन्न जाळायला प्राणवायू लागतो. प्राणवायू गेला की पाणी बंद, म्हणजे शेवटी ती तहानेने मरते. घरात याचा उपयोग एवढाच की डबा चांगल्या झाकणाचा हवा आणि गळ्यापर्यंत भरलेला हवा. पाच किलोच्या डब्यात तळाशी दीड किलो मूग असतील तर वरची सगळी हवा भुंग्यांना दान. मोठ्या डब्यातलं कमी झालं की लहान डब्यात काढा.

आत्या स्वतः वालाला तेल लावत नाही, हे मला उशिरा कळलं. भात काढल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल होतात, फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेंगा वाळतात. खायचे वाल ती खडखडीत वाळवून पत्र्याच्या कोठीत भरते. बियाणाचे वाल राखेत. चिमूटभर राख नाही, वाल दिसेनासे होतील इतकी. राख दाण्यांमधल्या फटी बुजवते, त्यामुळे भुंग्याला हिंडायला जागा राहत नाही, आणि तिचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणाचा पातळ थर खरवडतात, मग त्याच्या अंगातलं पाणी उडून जातं. "तेल विकत आणायचं, राख चुलीतच असते," इतकं तिचं शास्त्र. तेल ती लावते फक्त विकतच्या तुरीला. माझ्या सातव्या मजल्यावर राख नाही, म्हणून मला तेल सांगितलं.

त्या रविवारचे मूग मी आठ दिवस फ्रीझरमध्ये ठेवले. मग कोमट पाण्यात दोनदा चोळून धुतले आणि पातेल्यात भरपूर पाणी घालून ढवळले. आत पोकळ झालेले दाणे तरंगले, ते काढून टाकले. बुडालेल्यांतही काही जणांच्या पोटात बारीकशी मेलेली अळी असणार, हे मला माहीत होतं. ते खायचे की नाही यावर घरात मतदान झालं आणि एकाविरुद्ध दोन मतांनी उसळ झाली. मोड सगळ्यांना आले नाहीत.